फोरहँड टाकताना डिस्क डावीकडे उलटते – डिस्क गोल्फवाल्यांनो, उपाय सुचवा (सांगली)

चिंचेखालचा
नमस्कार मंडळी. विश्रामबागेच्या पुढे एका ओळखीच्यांच्या पडीक जागेत आम्ही काही टाळकी रविवारी सकाळी डिस्क गोल्फ खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नियम गोल्फचेच, फक्त चेंडूऐवजी चकती आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेली टोपली. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. आमची टोपली कुपवाडच्या एका वेल्डरने बनवून दिली आहे. सायकलची रिम, पाइप आणि साखळ्या. बाकी ठिकाणी झाडाच्या बुंध्याला डिस्क लागली की झालं.

माझा बॅकहँड (पाठ फिरवून, हात अंगासमोरून नेत टाकायची फेक) ठीक आहे. घोडं अडलंय ते चौथ्या टोपलीपाशी. तिथे वाट चिंचेला वळसा घालून उजवीकडे जाते आणि उजव्या हाताचा बॅकहँड शेवटी पडतो डावीकडे. म्हणून फोरहँड (हाताच्याच बाजूने, तळहात पुढे ठेवून टाकायची फेक) शिकायला घेतला. हातातून सुटतानाच डिस्क फडफडते, थोडी पुढे जाऊन डावीकडे कलंडते आणि कडेवर पडून लोळत शेजारच्या उसात जाते. डिस्क आहे इनोव्हाची डिस्ट्रॉयर, आतेभावाने अमेरिकेतून आणलेली. अंगठा वर, दोन बोटं खाली, एवढं करतोय. डिस्क बदलू की हात?

साताऱ्याचा_वारा
हात.

सविस्तर संध्याकाळी लिहितो, पण तोवर एक गोष्ट बघ. डिस्क सुटल्यावर तुझा तळहात कुठे बघतो? आकाशाकडे बघायला पाहिजे. जमिनीकडे बघत असेल तर उत्तर मिळालं.

भडंगप्रेमी
शेजारच्या उसात म्हणजे आता साखर कारखाना सुरू झाल्यावरच डिस्क मिळणार. तोडणी टोळीला आत्ताच सांगून ठेव.

वाचनमात्र
@भडंगप्रेमी, नियमाप्रमाणे शोधायला तीनच मिनिटं मिळतात. नाही सापडली तर हरवली असं धरायचं आणि एका फेकीचा दंड घ्यायचा. उसात तीन मिनिटांत माणूस सापडत नाही.

जुना_पॉइंट
मी हा खेळ खेळलेलो नाही, पण नातवासोबत मोबाइलवर पाहिला. आमच्या वेळी क्लबकडून पॉइंटला उभा असायचो. चेंडू उचलला की खांद्याच्या खालून, आडव्या हाताने थेट यष्टींवर. तुमचा फोरहँड म्हणजे तोच थ्रो की. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट खेळलेल्या पोराला हे शिकवावं का लागतं, तेच कळत नाही. जोरात टाका, लाजू नका.

शून्य_अंश
काका, आदर राखून असहमत. खेळ बघितला की क्रिकेटवाल्यांना तसं वाटतंच, आणि चिंचेखालच्याचा घोळ बहुतेक तिथूनच आलाय.

चेंडू फेकताना मनगट शेवटी आतल्या बाजूला वळतं, तळहात खाली जातो. चेंडू गोल आहे, त्याला काय फरक पडतो? डिस्क सपाट आहे. सुटायच्या क्षणी तळहात वळला की बाहेरची कड वर उचलली जाते, शिवाय फिरण्याचा आस आणि डिस्कचा आस जुळत नाहीत. फडफड म्हणजे तेच. फडफडणारी डिस्क हवा जास्त खाते, वेग गमावते आणि उलटायला टपलेली असते.

आता डावीकडे का? उजव्या हाताने फोरहँड टाकला तर वरून बघताना डिस्क घड्याळाच्या उलट फिरते. हवेचा उचल देणारा जोर डिस्कच्या बरोबर मध्यावर लागत नाही. वेगात असताना मध्याच्या जरा मागे, वेग उतरला की पुढे. न फिरणारी डिस्क यामुळे आधी नाकावर पडेल, मग उताणी होईल. फिरणाऱ्या डिस्कवर तोच परिणाम नव्वद अंशांनी सरकतो आणि ती पुढे-मागे झुकायच्या ऐवजी बाजूला कलते. म्हणून फोरहँड वेगात असताना डावीकडे ओढतो आणि शेवटी उजवीकडे पडतो. बॅकहँडला बरोबर उलटं.

मजा पुढे आहे. डिस्ट्रॉयरवर चार आकडे असतात: १२, ५, उणे १, ३. पहिला वेग, दुसरा तरंगणं, तिसरा वेगात असताना किती कलते आणि चौथा शेवटी किती वळते. १२ वेगाची डिस्क सरळ जायला बराच दम लागतो. तो नसेल तर ती लगेच उजवीकडे पडायला हवी. तुझी डावीकडे उलटतेय. म्हणजे तुझी ताकद जास्त नाही, मनगट उलटतंय. वाऱ्याने एका ओळीत सांगितलं तेच.

जुना_पॉइंट
बरं बाबा. पण आडवा हात तरी आमचा मान्य करा.

शून्य_अंश
आडवा हात शंभर टक्के मान्य. क्रिकेटवाला फोरहँड लवकर उचलतो हेही खरं. फक्त शेवटची वीतभर सवय मोडावी लागते.

फ्लिकवाली
मी साताऱ्याची, आता पुण्यात अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळते. आमच्यात याला फ्लिक म्हणतात. आमची डिस्क १७५ ग्रॅमची आणि जवळजवळ २७ सेंमी रुंद, तुमची २१ सेंमीच्या आसपास आणि कड धारदार. त्यामुळे आमची चकती चुका पोटात घालते, तुमची चव्हाट्यावर आणते.

पकड नीट सांगते, कारण "दोन बोटं खाली" यात अर्धं राहून जातं. मधल्या बोटाची आतली बाजू, नखाच्या शेजारचं मांस, डिस्कच्या कडेच्या आतल्या भिंतीला घट्ट टेकलेली हवी. बोटाचं टोक नाही, बाजू. तर्जनी तिला चिकटवली तर जोर जास्त मिळतो. तर्जनी पसरून डिस्कच्या पोटाखाली ठेवली तर ताबा जास्त, जोर कमी. नवशिक्यांनी दुसरीपासून सुरुवात करावी असं म्हणतात. मला मात्र त्याने बोट आडवं येतं, म्हणून मी पहिल्या दिवसापासून चिकटवूनच. अंगठा वर दाबलेला, ढिला नाही. उरलेली दोन बोटं मुडपून कडेच्या बाहेर. डिस्कची कड अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात खोल बसली पाहिजे. तिथे फट राहिली की सुटताना डिस्क हिंदकळलीच.

पकड बरोबर आहे की नाही हे घट्ट्यावरून कळतं. मधल्या बोटाच्या बाजूला, पहिल्या पेराजवळ कातडी कडक व्हायला लागली की समजायचं बोट जागेवर आहे. घट्टा बोटाच्या टोकाला येत असेल तर तुम्ही डिस्क चिमटीत धरताय.

दुसरं, मनगट. हात कितीही जोरात फिरवा, डिस्क फिरते ती मनगटाने. आधी मनगट मागे मोडायचं, कोपर पुढे जाऊ द्यायचं, मग पुढचा हात आणि सगळ्यात शेवटी मनगट. ते झटक्यात सुटतं आणि तिथेच थांबतं. हात अंगाभोवती गुंडाळत न्यायचा नाही.

साताऱ्याचा_वारा
ताईंनी माझी संध्याकाळ वाचवली. मी फक्त सराव सांगतो.

कोपर बरगडीला चिकटव. अगदी काखेत रुमाल धरून ठेवल्यासारखं. पुढचा हात आणि मनगट एवढ्यावरच दहा-पंधरा मीटर टाक. समोर माणूस उभा कर आणि त्याच्या छातीवर दे. फडफड गेली की अंतर वाढव, पण कोपर हळूहळूच सोड. डिस्ट्रॉयर घरी ठेव. पटर (जवळच्या फेकीची) किंवा मिडरेंज (मधल्या पल्ल्याची) घे. इनोव्हाची अव्हिएर, डिस्क्राफ्टची बझ, असं काहीतरी हळू. त्यात लबाडी चालत नाही.

लहानपणी माहुलीच्या संगमावर चपटा दगड पाण्यावर टप्पे खात जाईल असा मारला असशील ना? तोच हात. दगड पाण्याला समांतर सुटला नाही तर डुबुक. तिथे कोणी ताकद लावत नव्हतं.

भडंगप्रेमी
माहुली साताऱ्यात. आमच्या सांगलीकराने आयर्विन पुलाखाली मारला असेल. दगडाचासुद्धा जिल्हा बदलता होय.

तंबोरा
मिरजेहून. सगळं वाचलं, सगळं बरोबर, पण इतकं कोण करतंय? सरळ फायरबर्ड नावाची डिस्क घ्या. आकडे ९, ३, ० आणि ४. वेगात कलत नाही, शेवटी उजवीकडे जोरात वळते. चिंचेला वळसा घालायलाच बनवल्यासारखी. मी गेल्या हिवाळ्यात घेतली आणि त्या दिवसापासून माझा फोरहँड उलटलेला नाही. थोडी फडफडली तरी डिस्क सांभाळून घेते.

फ्लिकवाली
सांभाळून घेते हाच तर घोटाळा आहे. मनगट उलटतंय ते उलटतंच राहतं, फक्त दिसत नाही. मग एक दिवस झाडांच्या सरळ बोगद्यातून टाकायची वेळ येते आणि हातात सरळ फेकच नसते.

तंबोरा
ताई, मला रविवारी चार लोकांत लाज राखायची आहे, वर्ल्ड चॅम्पियनशिपला जायचं नाही. डिस्क हे अवजार आहे. मिरजेत सतार बनवणारे एकाच पटाशीने सगळं काम करत नाहीत.

शून्य_अंश
दोघंही बरोबर आहात, फक्त क्रम वेगळा. फायरबर्ड पिशवीत हवीच. तिच्यावर शिकू नये एवढंच.

तंबोरा
मधला मार्ग काढणाऱ्यांना नेहमी जास्त लाइक का मिळतात?

मुक्काम_पोस्ट_तासगाव
मला मूळ मुद्दाच पटत नाही. उजवीकडे वळायला फोरहँडच का? बॅकहँडच बाहेरची कड उचलून टाकला, म्हणजे अ‍ॅनहायझर, तरी उजवीकडे वळतो. २०२१ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, ऑग्डेनला, जेम्स कॉनराडने शेवटच्या होलवर २४७ फुटांवरून थेट टोपलीत घातली. तो बॅकहँडच होता. समोर कोण होतं? पॉल मॅकबेथ. बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये कॉनराड जिंकला. ७५ मीटर! फोरहँडवर न विसंबताही माणूस जगज्जेता होतो.

साताऱ्याचा_वारा
तो व्हिडिओ मीही पुन्हा पुन्हा बघितलाय, अजून काटा येतो. पण कॉनराडला टोपलीत घालायची होती, झाडामागे जायचं नव्हतं. फरक हा की अ‍ॅनहायझर बॅकहँड उजवीकडे जातो खरा, पण वेग उतरला की डावीकडे परत यायला बघतो. उजव्या हाताचा फोरहँड शेवटीही उजवीकडेच जात राहतो. चिंच ओलांडल्यावर पुढे तशीच वाट असेल तर फोरहँडला पर्याय नाही. शिवाय फोरहँड टाकताना तोंड लक्ष्याकडे असतं. बॅकहँडला पाठ फिरवावी लागते. झुडपात अडकल्यावर एक गुडघा टेकून टाकायची वेळ येते तेव्हा त्याची किंमत कळते.

आणि दोन्ही येणारे लोक आहेतच की. रिकी वायसॉकी २०१६ आणि २०१७ ला वर्ल्ड जिंकला, त्याचा फोरहँड बघा.

मुक्काम_पोस्ट_तासगाव
मान्य. तरी मी शिकणार नाही.

वाचनमात्र
अवांतर: पाचगणीच्या टेबललँडवर खेळलंय का कोणी? एवढी सपाट जागा महाराष्ट्रात कुठे मिळणार.

साताऱ्याचा_वारा
टाकून बघितलंय, नियमाने खेळ असा नाही. सकाळी लवकर, घोडेवाले यायच्या आधी. दोन अडचणी. एक वारा. समोरून वारा असला की डिस्कला आपण जास्त जोरात टाकल्यासारखं वाटतं आणि ती जास्त कलते, म्हणजे फोरहँड डावीकडे. मागून असला की लवकर पडते. त्या पठारावर तो दिशा विचारून येत नाही. चाळकेवाडीला पवनचक्क्या काय उगाच लावल्यात?

दुसरी अडचण उंची. तेराशे मीटरच्या आसपास हवा थोडी विरळ. विरळ हवेत डिस्क कमी कलते आणि लवकर वळते. सांगलीत सरळ जाणारी तिथे उजवीकडे पळते. फरक थोडाच आहे, पण कडेला टाकलीत तर डिस्क थेट दरीत. तांबड्या जांभ्याची धूळ कडेच्या आत जाऊन बसते आणि बोट सरकतं, ते वेगळंच. फडकं घेऊन जा.

फ्लिकवाली
आणि कृपा करून कोणी "मग कासला जाऊया" म्हणू नका. ती जागा फुलांची आहे. पायवाट सोडून पाऊल टाकायचं नसतं, डिस्क शोधत फिरायचं तर लांबच.

भडंगप्रेमी
मी म्हणणारच होतो.

वाचनमात्र
अवांतरात अजून एक. साखळ्यांची टोपली ज्याने काढली तो एड हेडरिक २००२ मध्ये गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख मिसळून डिस्क बनवल्या. हाच तो, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा करणारा. आणि पीडीजीए, म्हणजे या खेळाची संघटना, १९७६ ची, तीही त्याचीच.

भडंगप्रेमी
म्हणजे मेल्यावरही कोणीतरी त्याला उसात टाकत असणार. हसून हसून पुरेवाट.

जुना_पॉइंट
आमच्या अस्थी कृष्णेतच बऱ्या.

हाडाचा_डॉक्टर_नव्हे
मी फिजिओ आहे. धागा मजेत चाललाय, पण एक सांगतो. कोणी "जोरात टाका" म्हणालं तर मनावर घेऊ नका (पॉइंटकाका, तुम्हालाच). आडव्या हाताच्या जोरदार फेकीत कोपराच्या आतल्या बाजूवर ताण येतो. बेसबॉलच्या पिचर लोकांचं तिथलं लिगामेंट जातं ते याच ताणाने. १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिली शस्त्रक्रिया झाली, आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. फोरहँडमध्ये ताण त्यापेक्षा कमी असला तरी जागा तीच.

हात अंगापासून लांब, सरळ ताठ करून फिरवणाऱ्यांना जास्त त्रास होतो. कोपर अंगाजवळ ठेवायचं ते फक्त डिस्कसाठी नाही. गार अंगाने पहिलीच फेक पूर्ण ताकदीची नको. जोर पायातून आणि कमरेतून घ्या. उजव्या हातवाल्यांनी उजव्या पायावरचं वजन डाव्या पायावर आणायचं, कंबर आधी वळू द्यायची, मग हात. कोपराच्या आतल्या हाडावर दाबून दुखत असेल तर काही आठवडे बॅकहँडच टाका. दुखत असताना "थोडं टाकून मोकळं होईल" हे होत नाही.

जुना_पॉइंट
माझं कोपर अजून दुखतं, डॉक्टर. १९८६ पासून.

हाडाचा_डॉक्टर_नव्हे
काका, मग आता फक्त नातवाचा व्हिडिओ बघायचा.

चिंचेखालचा
सगळ्यांचे आभार. दिवसभर कामात होतो म्हणून उत्तर नाही दिलं, धागा एवढा पळेल असं वाटलं नव्हतं.

मुलीकडून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढून घेतला. वाऱ्याने विचारलं त्याचं उत्तर: डिस्क सुटल्यावर तळहात सरळ जमिनीकडे. आणि मधलं बोट टोकावरच होतं, ताई म्हणतात तसं. मित्राकडून बझ आणली. कोपर बरगडीला लावून टाकतोय. पंधरा मीटरपर्यंत फडफड जवळजवळ बंद. तीस-पस्तीस मीटरला कोपर सुटलं की अजून थरथरते, पण उलटत नाही. वरच्या बाजूला काळी चिकटपट्टी लावली आहे, ती हवेत एकसारखी गोल धूसर दिसली तर फेक चांगली, लुकलुकली तर हललेली. हे कुणाला उपयोगी पडेल.

एक प्रश्न राहिला. आता डिस्क सरळ जाते, पण फार वर चढते आणि मग मध्येच धप्पकन उजवीकडे पडते.

फ्लिकवाली
नाक वर आहे. म्हणजे डिस्कची पुढची कड मागच्यापेक्षा वर. फोरहँडमध्ये हे फार होतं, कारण तळहात आकाशाकडे ठेवायच्या नादात मनगट खाली लटकतं. डिस्क पुढच्या हाताच्या रेषेत धर, हाताची पुढे वाढलेली पट्टी असल्यासारखी. अंगठ्याने पुढच्या बाजूला जरा दाब दे. उंची हवी असेल तर खांदे झुकवून घे, मनगट मोडून नाही.

शून्य_अंश
आणि सुरुवातीला बाहेरची कड जराशी खाली ठेवून टाक, हायझर. हात थोडा वळलाच तर डिस्क सपाट होते, उलटत नाही. चिंचेच्या वळणाला तसाही हाच आकार हवाय.

तंबोरा
चौथ्या टोपलीला फायरबर्ड टाकून बघ, एवढंच म्हणतो. माझी घेऊन येतो रविवारी. पडली उसात तर भरून द्यायची.

चिंचेखालचा
या की. भडंग आमच्याकडून.

भडंगप्रेमी
मीही येतो.

मुक्काम_पोस्ट_तासगाव
तुला कोणी बोलावलं?

साताऱ्याचा_वारा
सांगलीकर, एक काम करा. त्या कुपवाडच्या टोपलीची मापं द्या. इथे औद्योगिक वसाहतीत एक फॅब्रिकेटर तयार आहे, पण तो विचारतोय उंची किती आणि साखळी कुठली. बाजारात जनावरांच्या दाव्याची मिळते ती चालेल का?

चिंचेखालचा
खालच्या टोपलीचा काठ जमिनीपासून ८२ सेंमीच्या आसपास ठेवा, पीडीजीएच्या मापात थोडं मागे-पुढे चालतं. दाव्याची साखळी जड आणि आखूड कड्यांची असते. एकाच ओळीत लावली तर डिस्क आपटून बाहेर येते. आम्ही आत-बाहेर दोन ओळी केल्या, आतली जरा ढिली. वेल्डरला सांगा की साखळीचं खालचं टोक सगळं मिळून एका कड्यात पाइपाभोवती लोंबतं ठेव, घट्ट डाग देऊ नको. आमच्या पहिल्या टोपलीला त्याने प्रेमाने डाग दिला होता.

साताऱ्याचा_वारा
नोंद घेतली. गॅल्वनाइज्ड की साधी?

चिंचेखालचा
गॅल्वनाइज्डच घ्या. साध्या साखळीला पहिल्या पावसात गंज चढतो आणि डिस्कला तांबडे डाग पडतात.